सरोवर क्रमांक २२७ : नत्र बंद केलं, पाणी हिरवंच राहिलं

कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात वायव्येला, केनोरा शहराच्या पलीकडच्या जंगलात, जेमतेम ५ हेक्टरांचं एक सरोवर आहे. संशोधक त्याला क्रमांकानेच ओळखतात : २२७. १९६९पासून या सरोवरात दर उन्हाळ्यात मुद्दाम खत टाकलं गेलं. सुरुवातीला नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) दोन्ही सढळ हाताने, १९७५पासून नत्र बरंच कमी करून, आणि १९९०पासून नत्र अजिबात न टाकता नुसतं स्फुरद. उभ्या पिकाचं नत्र तोडलं की पीक पिवळं पडतं, हे आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. सरोवरात पीक असतं शेवाळाचं. तेही खुरटायला हवं होतं. पण पाणी हिरवंच राहिलं.

शेवाळाने नत्र आणलं कुठून, त्याची किंमत काय मोजली, आणि या एका सरोवरावरून बाकीच्या तलावांबद्दल किती बोलता येतं, हे तीन प्रश्न या प्रकरणात एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिल्या दोघांची उत्तरं आज चांगली माहीत आहेत. तिसऱ्यावरून जलशास्त्रज्ञांत अजून वाद आहे, आणि त्यात मला स्वतःला एक बाजू घ्यावीशी वाटते.

प्रयोगाला अख्खं सरोवर का लागलं

१९६०च्या दशकात अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरचं ईरी सरोवर इतकं बिघडलं होतं की वर्तमानपत्रं त्याला ‘मेलेलं सरोवर’ म्हणू लागली होती. किनाऱ्याला शेवाळाचे थर कुजत, तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन संपून जाई. शहरांचं सांडपाणी, शेतातलं खत आणि कपडे धुण्याची पावडर या तिघांकडे बोट दाखवलं जात होतं. त्या काळच्या पावडरीत सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट भरपूर असे, म्हणजे प्रत्येक धुण्यामागे थोडं स्फुरद गटारात. ते काढून टाकणं साबण उद्योगाला परवडणारं नव्हतं. त्या बाजूने युक्तिवाद आला की शेवाळाची वाढ स्फुरदावर अडतच नाही, ती कार्बनवर अडते. याला प्रयोगांचा आधारही होता. तलावाचं पाणी बाटलीत भरून त्यात कार्बन मिसळला की शेवाळ जोमाने वाढत असे. बाटलीतल्या पुराव्याचा हा मुद्दा पुढे नत्राच्या बाबतीतही येणार आहे.

१९६८ साली कॅनडाने या भागातली ५८ लहान सरोवरं फक्त संशोधनासाठी राखून ठेवली. डेव्हिड शिंडलर हे तिथल्या कामाचे प्रमुख. बाटलीत किंवा टाकीत जे दिसतं ते सरोवरात तसंच घडतं का, हे सरोवरालाच विचारायचं, असा त्यांचा आग्रह होता.

२२७ची निवड हेतुपुरस्सर होती. ग्रॅनाइटच्या खडकावरचं ते मऊ पाणी, विरघळलेला कार्बन अगदी थोडा. कार्बनवाल्यांचं खरं असेल तर इथे नत्र आणि स्फुरद कितीही ओतलं तरी शेवाळ वाढायला नको होतं. दर आठवड्याला सोडियम नायट्रेट आणि फॉस्फेट पाण्यात सोडायला सुरुवात झाली, आणि त्याच मोसमात सरोवर हिरवं झालं. लागणारा कार्बन हवेतून पाण्यात ओढला जात होता. किती वेगाने, हे रेडॉन वायूच्या मदतीने मोजण्यात आलं. बाटलीला झाकण असतं आणि सरोवराला नसतं, एवढ्या एका फरकाने निष्कर्ष उलटा झाला होता.

याच परिसरातल्या २२६ क्रमांकाच्या डमरूच्या आकाराच्या सरोवरात १९७३ साली मधल्या अरुंद भागात प्लास्टिकचा पडदा लावला गेला. एका बाजूला कार्बन आणि नत्र टाकलं, दुसऱ्या बाजूला कार्बन, नत्र आणि स्फुरद. स्फुरदाची बाजू हिरवी झाली, दुसरी काळसर निळीच राहिली. विमानातून घेतलेला तो फोटो फॉस्फेटच्या वादात जगभर फिरला. कार्बनचा मुद्दा तिथे संपला. नत्राचं काय, हे मात्र २२७नेच दाखवायचं होतं.

पेशीच्या आत नत्राचा प्रवास

पुढे काय घडलं ते कळण्यासाठी पेशीच्या आत डोकवावं लागेल. हा भाग मला सगळ्यात सुरस वाटतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

शेवाळाला नत्र लागतं ते मुख्यतः प्रथिनांसाठी. प्रथिनांच्या वजनात साधारण १६ टक्के नत्रच असतं. शिवाय डीएनए आहे, आरएनए आहे, आणि हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत नत्राचे ४ अणू मॅग्नेशियमला धरून बसलेले असतात. नील-हरित शेवाळात, म्हणजे सायनोबॅक्टेरियात, प्रकाश पकडणारी फायकोसायनिनसारखी निळी प्रथिनं असतात आणि ती विरघळणाऱ्या प्रथिनांच्या निम्म्यापर्यंत असू शकतात. त्यामुळे नत्राची टंचाई आली की या जिवांचा पहिला उपाय ठरलेला असतो : ही निळी प्रथिनं मोडायची आणि त्यातलं नत्र जगण्यापुरतं वापरायचं. रंग उतरतो, निळसर हिरवं शेवाळ पिवळट दिसू लागतं. नत्राअभावी पिवळी पडलेली भाताची पात पाहिली असेल तर हे पटकन कळेल. मुळाशी कारण तेच आहे.

गोड्या पाण्यात नत्र अनेक रूपांत असतं : अमोनियम, नायट्रेट, थोडंसं नायट्राइट, युरिया, सुटी अमिनो आम्लं. शेवाळाला यातलं बहुतेक काही ना काही प्रमाणात घेता येतं. पण आत नेल्यावर सगळ्याचं आधी अमोनियमच करावं लागतं. मग ग्लुटामिन सिंथेटेज हे विकर (एन्झाइम) अमोनियमला ग्लुटामेटवर बसवून ग्लुटामिन बनवतं, आणि दुसरं एक विकर त्या ग्लुटामिनपासून पुन्हा ग्लुटामेट तयार करतं. या फिरत्या चक्रातून पेशीची बाकीची सगळी नत्रयुक्त द्रव्यं निघतात.

म्हणूनच अमोनियम शेवाळाच्या आवडीचं. नायट्रेट घ्यायचं तर आधी ऊर्जा खर्चून ते आत ओढायचं, मग मॉलिब्डेनम असलेल्या नायट्रेट रिडक्टेजने २ इलेक्ट्रॉन देऊन त्याचं नायट्राइट करायचं, मग दुसऱ्या विकराने आणखी ६ इलेक्ट्रॉन देऊन अमोनियम. एकूण ८ इलेक्ट्रॉन. हे इलेक्ट्रॉन प्रकाशसंश्लेषणातून येतात, म्हणजे तेवढा उजेड कर्ब धरण्याऐवजी इथे खर्ची पडतो. नायट्रेट म्हणजे घरी आणलेलं धान्य आणि अमोनियम म्हणजे दळून आलेलं पीठ. पीठ डब्यात असेल तर गिरणीत कोण जाईल? पेशीही जात नाही. पाण्यात अमोनियम पुरेसं असलं की बहुतेक शेवाळं नायट्रेट घेणं काही मिनिटांतच मंद करतात आणि त्यासाठीची विकरं बनवणंही थांबवतात.

याचा पाण्यावर उमटणारा एक परिणाम फार कमी लोक ध्यानात घेतात. अमोनियम घेताना पेशी बाहेर आम्ल सोडते, सामू (पीएच) घसरतो. नायट्रेट घेताना उलट होतं, पाणी अल्कलीकडे झुकतं. वर, भर दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं तेव्हा सामू ९च्याही वर जाऊ शकतो, आणि तिथे अमोनियमचा मोठा हिस्सा अमोनियात बदलतो. अमोनिया माशांना मारक, आणि प्रमाण वाढलं तर शेवाळालाही. तेव्हा अमोनियम आवडीचं असलं तरी ते कितीही चालतं असं नाही.

युरियाची वाट वेगळी. पुष्कळ शेवाळांत निकेल असलेलं युरिएज त्याचं अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये विभाजन करतं. क्लोरेलासारख्या काही हिरव्या शेवाळांत युरिएज नसतं. ती बायोटिन वापरणाऱ्या दुसऱ्या विकराने, एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) खर्चून, तेच काम करतात. बांधावरून ओढ्यात वाहून गेलेला युरिया थेट शेवाळाच्या तोंडी पडतो, तो असा.

आणि शेवटचा, सगळ्यात महागडा मार्ग : हवेतला नायट्रोजन. हवेचा ७८ टक्के भाग तोच आहे, पाण्यातही तो भरपूर विरघळलेला असतो. पण त्याच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध तोडणं खऱ्या हिरव्या शेवाळाला जमत नाही. ते फक्त काही जिवाणूंना जमतं आणि काही सायनोबॅक्टेरिया त्यांत येतात. नायट्रोजिनेज या विकराला एका रेणूमागे ८ इलेक्ट्रॉन आणि किमान १६ एटीपी लागतात. त्याला लोह आणि मॉलिब्डेनमही हवं. शिवाय ऑक्सिजन लागला की ते विकर निकामी होतं. आता सायनोबॅक्टेरिया तर प्रकाशसंश्लेषणातून दिवसभर ऑक्सिजनच बनवत असतात. मग हे दोन उद्योग एका घरात कसे नांदतात?

त्याचं उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी दिसतं. ॲनाबीना या सायनोबॅक्टेरियाचा एक तंतू ४०च्या भिंगाखाली धरला तर मण्यांच्या ओळीसारख्या हिरव्या पेशी दिसतात, आणि साधारण १० ते २० पेशींनंतर एक वेगळी पेशी येते : किंचित मोठी, फिकट, पिवळसर, जाड भिंतीची, आणि शेजारच्या पेशींशी जिथे जोडलेली असते तिथे एकेक चमकदार ठिपका. ही हेटेरोसिस्ट. हिच्यात ऑक्सिजन बनवणारी यंत्रणा बंद पाडलेली असते. भिंतीवरचे मेदाचे जादा थर बाहेरचा ऑक्सिजन रोखतात. ती स्वतःचं अन्न बनवू शकत नाही. शेजारच्या पेशी तिला साखर देतात आणि ती त्यांना ग्लुटामिनच्या रूपात नत्र देते. ठिपक्यांत सायनोफायसिन साठवलेलं असतं, त्यात आर्जिनिन आणि अस्पार्टिक आम्ल, म्हणजे नत्राचा गच्च साठा. एकदा हेटेरोसिस्ट झालेली पेशी पुन्हा साधी होत नाही, तिचं विभाजन होत नाही. नत्राची उणीव जाणवल्यापासून साधारण एका दिवसात तंतू अशा पेशी तयार करतो. पाण्यात अमोनियम किंवा नायट्रेट पुरेसं असेल तर एवढा खटाटोप करतच नाही.

१९७५चा उन्हाळा

आता सरोवराकडे परतू. १९६९ ते १९७४ या काळात २२७मध्ये नत्र आणि स्फुरद वजनाने १२ : १ अशा प्रमाणात टाकलं जात होतं. शेवाळाला सरासरी किती लागतं? समुद्री प्लवकांवरून काढलेलं रेडफिल्ड प्रमाण सांगतं की स्फुरदाच्या एका अणूमागे नत्राचे १६ अणू, म्हणजे वजनाने साधारण ७ : १. त्या मानाने १२ : १ म्हणजे नत्राची चंगळ. त्या वर्षांत हवेतलं नत्र पकडणाऱ्या प्रजाती सरोवरात नाव घेण्याजोग्या नव्हत्या, आणि असण्याचं कारणही नव्हतं. नायट्रेट हाताशी असताना १६ एटीपी कोण जाळेल?

१९७५मध्ये स्फुरद तेवढंच ठेवून नत्र ४ : १वर आणलं, म्हणजे एक-तृतीयांश केलं. हे गरजेच्या बरंच खाली. त्याच मोसमात अफॅनिझोमेनॉन वंशाचं हेटेरोसिस्टवालं नील-हरित शेवाळ सरोवरात दिसू लागलं. ते बाहेरून कोणी आणून सोडलेलं नव्हतं. हवेत, गाळात, पाण्यात अशा जिवांची बीजं थोडीफार असतातच. परिस्थिती बदलल्याबरोबर त्यांना संधी मिळाली. या सरोवरातल्या त्या प्रजातीचं पुढे १९९४ साली स्वतंत्र वर्णन झालं आणि तिला शिंडलर यांचंच नाव दिलं गेलं : अफॅनिझोमेनॉन शिंडलेरी. ज्याने नत्र कमी केलं त्याचं नाव नत्र भरून काढणाऱ्याला, हा मान मला फार उचित वाटतो.

मग १९९०. नत्र पूर्ण बंद. पावसातून, आजूबाजूच्या जंगलातून आणि गाळातून परत येणारं नत्र तेवढं उरलं.

मोसमाचा क्रम यानंतर ढोबळमानाने असा राहिला. बर्फ वितळल्यावर पाण्यात थोडं अमोनियम आणि नायट्रेट असतं. त्यावर नत्र न पकडणारी शेवाळं झपाट्याने वाढतात आणि ते संपवून टाकतात. उन्हाळा सुरू होता होता पाण्यातलं तयार नत्र जवळजवळ शून्य होतं, पेशींत उपासमारीची लक्षणं दिसतात. याच घटकेला अफॅनिझोमेनॉनच्या तंतूंत हेटेरोसिस्ट वाढू लागतात. स्फुरद दर आठवड्याला मिळतच असतं, ऊन लांबलचक असतं, तळाशी ऑक्सिजन संपल्यामुळे गाळातलं लोह विरघळून सुटं झालेलं असतं. नत्र पकडायला लागणारी जवळपास प्रत्येक गोष्ट इथे हजर. आणि पकडलेलं नत्र त्या तंतूंपुरतं राहत नाही. तंतू मरतात, फुटतात, त्यांना सूक्ष्म जीव खातात, आणि ते नत्र अमोनियम होऊन पाण्यात येतं. ज्यांच्याकडे नायट्रोजिनेज नाही त्या शेवाळांचीही त्यावर सोय होते.

किती नत्र पकडलं गेलं हे मोजायची रीत ठरलेली आहे. नायट्रोजिनेज नायट्रोजनप्रमाणे ॲसिटिलिनवरही काम करतं आणि त्याचं एथिलीन बनवतं. तेव्हा पाण्याचा नमुना बंद कुपीत घ्यायचा, ॲसिटिलिन सोडायचं, ठरावीक वेळ उजेडात ठेवायचं आणि तयार झालेलं एथिलीन गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजायचं. त्यावरून नत्राचा अंदाज निघतो. हा अंदाजच असतो, आणि पुढच्या वादात याचं महत्त्व आहे.

वाद

२००८ साली शिंडलर आणि सहकाऱ्यांनी ३७ वर्षांच्या नोंदी मांडल्या आणि निष्कर्ष शीर्षकातच ठोकून दिला : नत्र कमी करून तलावांचं अतिपोषण, म्हणजे पोषकद्रव्यं वाढून शेवाळ माजणं, रोखता येत नाही. शेवाळाचं प्रमाण स्फुरदाच्या मागे मागे जात राहिलं. उन्हाळ्यात नत्राच्या तीव्र टंचाईची लक्षणं दिसत असूनही मोसमाच्या हिशेबात सरोवर अतिपोषितच राहिलं. वर सांगितलेला बाटलीचा मुद्दा इथे परत येतो. जुलैच्या मध्यावर अशा तलावाचं पाणी बाटलीत घेऊन त्यात नत्र घातलं तर शेवाळ नक्की वाढेल, आणि प्रयोग करणारा म्हणेल, नत्र कमी करा, तलाव सुधारेल. पण बाटलीतला प्रयोग काही दिवसांचा असतो. नत्र पकडणाऱ्या तंतूंना वाढून बाकीच्यांची तूट भरून काढायला आठवडे लागतात, सरोवराच्या तळाचा हिशेब बसायला वर्षं लागतात. त्या घडीला कशाची टंचाई आहे हे बाटली अचूक सांगते. ती टंचाई आपण वाढवली तर पुढच्या पाच वर्षांत काय होईल, हे ती सांगू शकत नाही.

दोन वर्षांत प्रत्युत्तर आलं. स्कॉट आणि मॅकार्थी यांनी २२७च्याच आकड्यांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं : १९९०नंतर सरोवरातलं एकूण नत्र आणि शेवाळ दोन्ही हळूहळू उतरत आहेत, म्हणजे हवेतून येणारं नत्र तूट पूर्णपणे भरून काढत नाही, फक्त उतार लांबवतं. त्यांच्या बाजूने एक भक्कम कारण आहे. स्फुरदाला वायुरूप नाही, ते गाळात बसतं किंवा पाण्याबरोबर वाहतं. नत्राला मात्र बाहेर पडायची वाट आहे. ऑक्सिजन नसलेल्या गाळात जिवाणू नायट्रेटचा पुन्हा नायट्रोजन वायू करतात आणि तो हवेत निघून जातो. एका बाजूने महागात आत घेतलेलं नत्र दुसऱ्या बाजूने फुकट निसटत असतं. २२७च्या संशोधकांनी यावर उत्तर दिलं, आणि २०१८ साली ४६ वर्षांच्या नोंदींसह पुन्हा मांडलं की नत्र पकडण्याच्या क्रियेमुळेच हे सरोवर नत्रकपातीला दाद देत नाही.

माझं मत असं. २२७बद्दल शिंडलर यांचं म्हणणं मला पटतं. कागदावर उतार दिसत असेलही, पण नत्र तोडून जो तलाव इतक्या वर्षांत निवळला नाही, त्याबद्दल नगरपालिकेला ‘नत्र तोडा, होईल हळूहळू’ असं सांगणं अन्यायाचं ठरेल. अडचण निष्कर्षाच्या दुसऱ्या टोकाला आहे. ‘या सरोवरात नत्र कमी करून भागलं नाही’ हे एक विधान आणि ‘कोणत्याच तलावात नत्राकडे पाहायची गरज नाही’ हे दुसरं. पहिलं ४६ वर्षांच्या कष्टांनी सिद्ध झालं. दुसरं त्याच्या पाठीवर बसून आलं आहे, आणि त्याला मी मान डोलावणार नाही.

जिथे २२७ लागू पडत नाही

२ ऑगस्ट २०१४ला ईरी सरोवराच्या पश्चिम टोकावरच्या टोलेडो शहराने नळाचं पाणी पिऊ नका असा आदेश काढला. चार लाखांहून अधिक लोक त्याच्या कक्षेत होते. पाणी उकळूनही चालणार नव्हतं, कारण हे विष उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटलं की दाट होतं. विष होतं मायक्रोसिस्टिन, आणि ते बनवणारा मायक्रोसिस्टिस हा सायनोबॅक्टेरिया हवेतलं नत्र पकडू शकत नाही. त्याच्याकडे हेटेरोसिस्ट नाही, नायट्रोजिनेजही नाही. तो नद्यांतून येणाऱ्या नायट्रेट, अमोनियम आणि युरियावर जगतो. शिवाय मायक्रोसिस्टिन-एलआरच्या एका रेणूत नत्राचे १० अणू असतात. नत्राची चणचण असली की विषाची निर्मिती घटते, असं प्रयोगशाळेतल्या कामात दिसलं आहे. म्हणजे पाणी सारखंच हिरवं असलं तरी ते किती विषारी, यात नत्राचा थेट हात असतो. २२७मध्ये मोजलं गेलं ते मुख्यतः शेवाळ किती. टोलेडोच्या माणसाला प्रश्न पडला तो शेवाळ कोणतं.

चीनमधल्या वुशी शहरावर २००७च्या मे अखेरीस असंच संकट आलं. तायहू सरोवरातल्या मायक्रोसिस्टिसच्या थरामुळे सुमारे २० लाख लोकांचा नळाचा पुरवठा वापरण्याजोगा राहिला नाही. तायहू विस्ताराने प्रचंड, पण सरासरी खोली जेमतेम २ मीटर. वारा सुटला की तळाचा गाळ वर येतो, पाणी गढूळ होतं, उजेड आत शिरत नाही. वर पाहिलेला १६ एटीपींचा हिशेब इथे आठवावा. नत्र पकडायला ऊर्जा लागते आणि ऊर्जा उजेडातून येते. गढूळ पाण्यात हा उद्योग परवडत नाही. त्याच उथळ उबदार गाळातून नायट्रेट वायू होऊन निसटायलाही भरपूर वाव. तायहूवर झालेल्या प्रयोगांत हिवाळा आणि वसंतात स्फुरदाने वाढ अडते आणि उन्हाळा-शरदात नत्राने, असं आढळलं. तूट भरून काढणारा अफॅनिझोमेनॉन तिथे २२७सारखा धावून येत नाही, म्हणून नत्र कमी करण्याला तिथे खरा अर्थ आहे.

आणखी एक गोष्ट राहते. तलावाचं पाणी पुढे नदीतून समुद्राला जातं. वर फक्त स्फुरद तोडलं तर वरचं शेवाळ कमी होतं, आणि त्याने जे नत्र वाटेतच वापरलं असतं ते न वापरलेलं खाली खाडीत पोचतं. खाडीच्या आणि समुद्राच्या पाण्यात बहुधा नत्रच कमी पडत असतं, त्यामुळे तिथे शेवाळ उफाळतं. नॉर्थ कॅरोलिनातल्या न्यूस नदीच्या मुखाशी हे घडलेलं दिसलं. तलाव वाचवण्याच्या नादात खाडीकडे दुर्लक्ष करणं मला पटत नाही.

आपल्या पाण्याकडे पाहताना

भाताच्या खाचरात ॲनाबीना, नॉस्टॉक यांच्यासारखी नील-हरित शेवाळं हवेतलं नत्र पकडून जमिनीत आणतात, हे पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवलं. कोकणातल्या शेतकऱ्याला ‘निळे-हिरवे शेवाळ’ खत म्हणून सांगितलं जातं, अझोलाही सांगितला जातो. अझोलाच्या पानात तर हेटेरोसिस्टवालं शेवाळच राहत असतं. खाचरात युरियाचा हप्ता पडल्यानंतर हे शेवाळ नत्र पकडायचं काम सोडून देतं, कारण वर पाहिलं तेच : अमोनियम हाताशी असेल तर हेटेरोसिस्टचा खर्च कशाला. जैविक खत आणि युरिया एकाच आठवड्यात टाकू नये, यामागचं पेशीतलं कारण हे.

शहरातल्या तलावांची गोष्ट याच्या उलट्या टोकाला. कोल्हापूरचा रंकाळा सांडपाणी मिसळून हिरवा झालेला अनेकांनी पाहिला आहे, वासही घेतला आहे. मैलापाण्यातलं नत्र बहुतांशी युरिया आणि त्यापासून झालेलं अमोनियम असतं, म्हणजे शेवाळाला दळून दिलेलं. अशा पाण्यात नत्र पकडणाऱ्या तंतूंना वरचढ व्हायचं कारण नसतं, तिथे मायक्रोसिस्टिससारख्या घेऊन खाणाऱ्यांचं फावतं. म्हणून अशा तलावाच्या पाण्याची तपासणी करून घेताना ‘शेवाळ आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. निदान चार गोष्टी एकत्र मागाव्यात : एकूण स्फुरद, अमोनियम आणि नायट्रेट वेगवेगळे, शेवाळाची मुख्य प्रजाती, आणि ती तंतूची असेल तर हेटेरोसिस्ट आहेत की नाहीत. शेवटच्या दोन्हींना महागडं यंत्र लागत नाही. महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्र विभागातला सूक्ष्मदर्शक आणि शेवाळ ओळखणारं एक माणूस पुरतं. हेटेरोसिस्ट भरपूर दिसले तर तलावाची तयार नत्राची शिदोरी संपली आहे आणि स्फुरद मात्र येतच आहे, तेव्हा आधी स्फुरदाचा स्रोत शोधायचा. हेटेरोसिस्ट नाहीत, मायक्रोसिस्टिसच्या वसाहती तरंगत आहेत आणि अमोनियम चढं आहे, तर मैलापाणी कुठून शिरतंय ते नाल्यानाल्याने बघायचं, आणि ते सापडेपर्यंत त्या पाण्याजवळ गुरं आणि पोरं फिरकणार नाहीत याची सोय करायची. नमुना पावसाळ्यानंतर एकदा आणि एप्रिल-मेमध्ये पाणी आटताना एकदा, असा निदान दोनदा घ्यावा, कारण एकाच तलावात मोसमागणिक टंचाई बदलते, हे तायहूने दाखवलंच आहे.